व्याह्यांसाठी राखून ठेवलेली बिअर

मी बिअर पीत नाही. तरी उरलेली बिअर दुसऱ्या दिवसापर्यंत ताजी कशी ठेवायची, तिच्यातला गॅस कसा जाऊ द्यायचा नाही, हे मला आमच्या घरातल्या तिन्ही पुरुषांपेक्षा चांगलं कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, रागानं सांगते. राग जुना आहे आणि तो बिअरपासून सुरू झालेला नाही. तो आइस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यापासून सुरू झाला.

आमच्या सासरी, यवतमाळात, कोणताही कार्यक्रम झाला की उरलेलं गावाकडे जातं. गावाकडे म्हणजे माझ्या माहेरी, झरी जामणी तालुक्यात. सासूबाई मनानं वाईट नाहीत. अन्न टाकवत नाही त्यांना, आणि पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये असंही वाटतं. या दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की माझ्या बाबांच्या पिशवीत आदल्या दिवशीचे गुलाबजाम जातात, आइस्क्रीमच्या डब्यात, पाकासकट. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तेच झालं. पुढे सुट्टीत मी माहेरी गेले तर तो डबा अंगणात कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवलेला. मी विचारलं, गुलाबजाम कसे होते? माय म्हणाली, "चांगले होते." थोड्या वेळानं म्हणाली, "आंबून गेलते वं. बसमध्ये गरम झाले. कोंबड्याइले टाकले." आणि वर म्हणाली, "तुया सासूले नको सांगू, त्याहीले वाईट वाटन."

म्हणजे वाईट कोणाला वाटू नये याची काळजी पुन्हा आम्हीच घ्यायची.

माझे वडील कापूस आणि तूर पेरतात. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, तेही रसायनशास्त्र घेऊन, यवतमाळात खोली करून. आता शाळेत विज्ञान शिकवते. सासरी तीन पिढ्या कचेरीतल्या. तिथे पदवी ही भिंतीवरच्या घड्याळासारखी आहे, सगळ्यांकडे असते, कोणी वर मान करून बघत नाही. मी मात्र बघते.

सासरे मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. कार्यक्रम घरीच करायचं ठरलं, पण दोन दिवसांत वाटून. शनिवारी दुपारी ऑफिसचे लोक, रविवारी 'बाकीचे'. बाकीचे कोण, हे मी नवऱ्याला विचारलं.

"म्हणजे तुझे बाबा वगैरे," तो म्हणाला.

"वगैरेत अजून कोण आहे?"

वगैरेत कोणीच नव्हतं.

"अगं, शनिवारी सगळे अधिकारी येणार. तुझ्या बाबांनाच अवघडल्यासारखं होईल."

"तुम्ही विचारलं का त्यांना?"

"आता यात विचारायचं काय?"

आमच्याकडे व्याह्याचा मान म्हणून एक गोष्ट असते. लग्नात त्यांना हात धरून पाटावर बसवतात, खांद्यावर दुपट्टा टाकतात, गळाभेट होते, फोटो निघतो. माझ्या लग्नातला तो फोटो सासरच्या हॉलमध्ये लावलेला आहे. सासरे हसताहेत, बाबा कॅमेऱ्याकडे न बघता सासऱ्यांकडे बघताहेत, हात जोडून. लग्न झाल्यापासून आजपर्यंत बाबा त्यांना 'साहेब' म्हणतात. व्याही म्हणा, असं सासऱ्यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तर त्या शनिवारसाठी दीर पुण्याहून आला. आला तो नागपूरपर्यंत विमानानं आणि पुढे गाडीनं, आणि नागपुरातून दोन पिंपं घेऊन आला. स्टीलची, चकचकीत, पाणी भरायच्या कॅनपेक्षा लहान, वर फिरकीचं घट्ट झाकण. नागपुरात एक जागा आहे म्हणे, तिथे नळातून ताजी बिअर भरून देतात. वाटेत वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी, म्हणून त्यानं पिंपं शर्टपँटमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली होती. यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, चिंतामणीला गाडीतूनच हात जोडले, असं तो हसत हसत सांगत होता.

"वहिनी, बाटलीतली बिअर नाही ही. ड्राफ्ट आहे. जिवंत असते ही."

"मग मरते कशानं?" मी विचारलं.

तो हसला. "तुम्हाला कशाला पाहिजे? तुम्ही पिता का?"

मी म्हटलं, "मी शाळेत ज्वालामुखी शिकवते. तो पण नाही पाहिला कधी."

शनिवारची पंगत चांगली झाली. बाहेर आग पडत होती, आत दोन कूलर लावले होते. अधिकारी आले, भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. एक पिंप उघडलं गेलं. पाहुणे बरेचसे वयस्क, रक्तदाब-साखरवाले, शिवाय निम्म्यांना आपण पितो हे दुसऱ्या निम्म्यांना कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे उन्हं कलली तेव्हा अर्धं पिंप तसंच शिल्लक होतं. दुसरं उघडलंच नव्हतं.

मी स्वयंपाकघरात डबे लावत होते. सासरे, दीर आणि माझा नवरा तिथेच पाण्यासाठी आले. सासऱ्यांनी विचारलं, "हे अर्धं काय करायचं? टाकून द्यायचं का?"

"टाकायचं कशाला?" दीर म्हणाला. "उद्या व्याही येताहेत ना. त्यांना ही देऊ. दुसरं आपण संध्याकाळी उघडू, ते गेल्यावर."

"उद्यापर्यंत ही चांगली राहील?"

"थोडी मरेल. पण त्यांना काय फरक कळणार आहे? त्यांना ड्राफ्ट काय आणि बाटली काय."

सासऱ्यांनी पाण्याचा ग्लास भरून घेतला. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "चमचा कुठे आहे गं?"

चमचा यासाठी की पिंपाच्या तोंडात स्टीलचा चमचा उभा लटकवून ठेवला की गॅस जात नाही, असं दीरानं कुठेतरी ऐकलं होतं. इंजिनिअर माणूस. मी त्याला विचारलं की गॅस चमच्याला घाबरतो का. तो म्हणाला, परदेशात करतात. सासऱ्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांच्या ऑफिसातले एक जण मरगळलेल्या बिअरमध्ये चिमूटभर मीठ टाकायचे, लगेच फेस यायचा. "उद्या गरज पडली तर मीठ आहेच," ते म्हणाले. मग तिघे हॉलमध्ये जाऊन कूलरसमोर बसले आणि ते पिंप, तोंडात चमचा घेऊन, ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, त्या उन्हाळ्यात, तसंच उभं राहिलं.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून अजून राग आला. उरलेली बिअर बाबांना देणार, याचा राग होताच. त्याहून जास्त राग याचा की ती नीट ठेवायचीसुद्धा तसदी घ्यायची नाही. कोंबड्यांनाच टाकायचे तर गुलाबजाम झाकायचे कशाला, असा तो हिशोब.

मग मी ठरवलं. ही बिअर उद्या दुपारी बाबांच्या ग्लासात फेसासकट पडली पाहिजे. या घरातल्या कोणालाही आज मिळाली त्याच्यापेक्षा कणभर कमी नको.

यात जादू काही नाही. सोडावॉटरला लागू ते बिअरला लागू. गॅस थंड द्रवात विरघळून राहतो, द्रव गरम झाला की बाहेर पडतो. वर मोकळी जागा मिळाली की त्या जागेत जाऊन बसतो. हलवलं, उंचावरून ओतलं, की पळतो. आणि हवा लागली की चवही जाते, ती परत येत नाही. अर्धं रिकामं पिंप म्हणजे अर्धं पिंपभर मोकळी जागा. तेव्हा पहिलं काम, पिंप बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा गार करायचं. दुसरं, लहान बाटल्या. पाण्याच्या नाही, त्या पातळ असतात, दाब सहन करत नाहीत. सोड्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या पाहुण्यांमुळे घरात होत्याच. त्या मी गरम पाण्यानं धुतल्या, साबण लावला नाही, साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. मग बाटल्याही बर्फात ठेवल्या, कारण गरम बाटलीत गार बिअर ओतली की निम्मा गॅस तिथेच गेला. पिंप तिरपं करून, बाटली तिरपी धरून, बिअर काचेवरून पाणी ओघळावं तशी आतल्या बाजूनं सोडली. गळ्यापर्यंत भरल्यावर बाटली दोन्ही बाजूंनी दाबली, बिअर अगदी तोंडाशी आली, आत हवेला जागा उरली नाही, तेव्हा झाकण फिरवलं. जितकं फिरेल तितकं. बाटल्या फ्रिजच्या तळाशी, मागच्या भिंतीला टेकून, उभ्या ठेवल्या. दारात नाही. दार सारखं उघडतं.

सासूबाई आल्या. "अगं बाई, फ्रिजमध्ये ठेवलीस ही?" त्यांनी बाटल्यांकडे बघून विचारलं. "दूध ठेवलंय तिथे."

"दूध वर आहे, आई. ही खाली आहे."

"उद्याच्यासाठी एवढी मेहनत कशाला करतेस? ते काही म्हणणार आहेत का?"

"ते काही म्हणत नाहीत म्हणूनच करते," मी म्हटलं.

सकाळी उठल्याबरोबर मी फ्रिज उघडला. दाबलेल्या बाटल्या आतल्या गॅसनं पुन्हा फुगून दगडासारख्या टणक झाल्या होत्या. म्हणजे गॅस आत होता, बंदिस्त होता. मला माझाच अभिमान वाटला. शाळेतल्या पोरांना दाखवावं असं होतं, पण कोणत्या तोंडानं दाखवणार.

बाबा पहिल्या बसनं निघाले होते, ऊन चढायच्या आत पोचले. पांढरा सदरा, इस्त्रीचा, पिशवीत तुरीची डाळ आणि मायनं दिलेल्या कुरड्या. सासरे पूजेला बसले होते, नवरा आणि दीर मटण आणायला गेलेले, सासूबाई मुलीची वेणी घालत होत्या. बाबा थेट स्वयंपाकघरात आले. तिथे त्यांना बरं वाटतं.

"बाबा, फ्रिजमधून गार पाणी घ्या. मी एवढे कपडे वाळत टाकून येते."

गच्चीवरून खाली आले तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. बाबा खिडकीपाशी उभे होते. खांद्यावरचा दुपट्टा नाकातोंडाला बांधलेला, मान मागे वळवलेली, आणि हात लांब करून, बाटलीचं तोंड खिडकीबाहेर धरून, ते झाकण हळूहळू सैल करत होते. बाकीच्या बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांची झाकणं सैल.

"बाबा."

"तिकडेच थांब," ते दुपट्ट्याच्या आतून म्हणाले. "वास घेऊ नको. ह्या बाटल्या फुगल्या होत्या वं. कोणी ठेवल्या अशा? लेकरू हाये घरात. फुटल्या असत्या म्हंजे?"

शेवटची बाटली फुसफुसून गप्प झाली. त्यांनी ती जपून ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मगच दुपट्टा सोडला.

फवारणीचं औषध उरलं की पुढच्या हंगामासाठी कोठ्यात ठेवतात, आणि आमच्याकडचं ऊन असं की पत्र्याखाली ते डबे मे महिन्यात फुगतात. फुगलेला डबा एकदम उघडायचा नसतो. आमच्या शेजारच्या वावरातल्या एकानं उघडला होता, त्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून बाबा घरातल्या कोणालाही त्या डब्यांना हात लावू देत नाहीत. स्वतः जातात, वाऱ्याकडे पाठ करतात, तोंड बांधतात, हात लांब करतात आणि झाकण जरा जरा सैल करतात. मी लहानपणापासून लांब उभी राहून हे बघत आले. त्यांनी माझ्या सासरचं घर वाचवलं होतं, असंच त्यांना वाटत होतं.

"बाबा, ते औषध नव्हतं. बिअर होती. तुमच्यासाठीच ठेवली होती."

ते बाटल्यांकडे बघत राहिले. "मंग फुगली काहून?"

"तिच्यात गॅस असतो. तो तसाच ठेवायचा असतो."

"मंग म्या गॅस सोडला?"

"हो."

"सगळा?"

मी एक बाटली उजेडात धरली. एखाददुसरा बुडबुडा वर येत होता, दमलेल्या माणसासारखा. "बराचसा," मी म्हटलं आणि झाकणं पुन्हा घट्ट केली. गेलेला गॅस झाकणानं परत येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"तुया साहेबाइले सांगू नको," बाबा म्हणाले.

पण दुपारी त्यांनी स्वतःच सांगितलं. ग्लास भरले तेव्हा बिअर गोमूत्रासारखी पिवळी, सपाट, काठावर एक बुडबुडा नाही. सासऱ्यांनी ग्लास नाकाशी नेऊन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्यावर आळ येतोय हे बाबांना दिसलं, तसे ते लगेच बोलले, "साहेब, पोरीचा काही दोष नाही. बाटल्या फुगल्या होत्या, मले वाटलं औषध. म्याच झाकणं सैल केली."

दीर हसायला लागला. मागे रेलून, मांडीवर हात मारत. "काका, तुम्ही तोंडाला कापड बांधून बिअर उघडली?"

"हो," बाबा म्हणाले, आणि तेही हसले. बाबांचं हसणं मला दीराच्या हसण्याहून जास्त लागलं.

"औषधाचे डबे उन्हात फुगतात," मी म्हटलं. "उघडताना तोंड बांधावं लागतं. तुम्हाला माहीत नसेल."

"नाही ना वहिनी, मी आयटीत आहे." तो अजून हसतच होता. मग उठला, मिठाची बाटली आणली आणि बाबांच्या ग्लासात चिमूटभर टाकलं. "हे बघा काका. गंमत बघा."

फेस वर आला. पांढरा, भरभरून, क्षणभर काठापर्यंत. मिठानं नवीन गॅस तयार होत नाही. आत जो काही शेवटचा उरलासुरला असतो तोच मिठाच्या कणांना धरून धावत वर येतो आणि निघून जातो. म्हणजे माझ्या बाटल्यांमध्ये जे थोडं वाचलं होतं तेही त्यानं तिथे, सगळ्यांसमोर, गंमत म्हणून घालवलं.

"वा, आला फेस," बाबा म्हणाले.

फेस बसला. त्यांनी ते खारट, मेलेलं पाणी सावकाश, सगळं, एक थेंब न ठेवता प्यायलं. "चांगली हाये साहेब. पोटाले गॅस करत नाही," असं म्हणून ग्लास उपडा नाही, सुलटा, नीट ठेवला. सासऱ्यांचा ग्लास तसाच भरलेला होता. दीरानं तर स्वतःसाठी ओतूनच घेतली नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. नवरा पाठोपाठ आला.

"दुसरं पिंप काढा," मी म्हटलं.

"अगं, ते त्यानं संध्याकाळसाठी ठेवलंय. त्याचे दोन मित्र येणार आहेत. जाऊ दे ना. बाबांना काही वाटलं नाहीये."

"तुम्हाला वाटलं का?"

त्यानं नळ सुरू केला, हात ओले केले, नळ बंद केला. "तू पण ना," एवढं म्हणून तो बाहेर गेला. हॉलमधून दीराचा आवाज येत होता, तो पुन्हा कोणालातरी फोनवर तीच गोष्ट सांगत होता, तोंडाला कापड बांधून, हो, खरंच.

बाबांची बस चारला होती. जेवणं झाली, पडापड झाली. तीनच्या सुमारास सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि सवयीनं वरच्या फळीवरून आइस्क्रीमचा रिकामा डबा काढला. शनिवारचे गुलाबजाम उरले होते. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, आणि तो डबा तिथे बघून माझं जे काही व्हायचं होतं ते झालं.

मी फ्रिजमधून दुसरं पिंप काढलं. दीरानं रात्री तिथे ठेवलेलं, गार झालेलं, अंगावर घाम आलेला. ओट्यावर ठेवलं आणि झाकण फिरवलं. असा आवाज झाला की हॉलमधली बोलणी थांबली. दीर धावत आला.

"वहिनी, ते सीलबंद आहे."

"होतं," मी म्हटलं.

सोड्याच्या दोन बाटल्या मी आधीच बर्फात ठेवल्या होत्या. पहिली तिरपी धरली, पिंप तिरपं केलं. सोनेरी, गार, बारीक बुडबुड्यांची बिअर आतल्या बाजूनं शांतपणे उतरत गेली. कोणी हलत नव्हतं. दार अडवून दीर, त्याच्यामागे नवरा, नवऱ्यामागे सासरे. हातात डबा घेऊन सासूबाई.

"वहिनी, हे कोणासाठी?"

"माझ्या बाबांसाठी. घरी नेतील."

"अहो, पण ही ताजी आहे."

"ताजी आहे म्हणूनच."

"आणि आम्ही?"

"उरलेली आहे ना तुमच्यासाठी," मी म्हटलं. "एवढं पिंप उरेल. चमचा देऊ का? टिकते म्हणता ना चमच्यानं."

मी बाटली दाबली, बिअर तोंडाशी आणली, झाकण फिरवलं. दुसरी भरायला घेतली. सासरे दीराच्या खांद्यावरून बघत होते. पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज मंजूर-नामंजूर केलेला माणूस, मला वाटलं आता काहीतरी हुकूम येणार. ते म्हणाले, "बर्फ जास्त घाल. पांढरकवड्याच्या रस्त्याला ऊन फार असतं." आणि आत निघून गेले. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजही ठरवता आलेलं नाही. असे काळजीचे दोन शब्द त्यांनी दुपारी, बाबांच्या तोंडावर, ग्लासापाशी बोलले असते तर मी त्यांचे उपकार मानले असते. स्वयंपाकघरातल्या माणुसकीनं हॉलमधला माणूस मोठा होत नाही.

गुलाबजामचा डबा मी सासूबाईंच्या हातातून घेतला आणि फ्रिजमध्ये ठेवला. "आपण खाऊ, आई. रात्री." त्या "बरं" म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला.

बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून, बर्फाच्या पिशवीत घालून मी बसस्टँडवर बाबांच्या मांडीवर दिल्या. खिडकीतून त्यांना सांगितलं, "बाबा, ह्या फुगतीन. टणक होतीन. झाकणाले हात लावायचा नाही."

"फुटली मंग?"

"नाही फुटत. बाटली त्याच्यासाठीच केली असते."

"लय फुगली तरी?"

"लय फुगली तरी. बाबा, मी हे शिकली हाये. तुम्हीच शिकवलं मले."

ते पिशवीकडे बघत राहिले. आयुष्यभर फुगलेल्या डब्याला घाबरून जगलेला माणूस, आणि त्याच्या मांडीवर, भर उन्हात, पोरीनं फुगणाऱ्या बाटल्या ठेवलेल्या. बस सुटली.

संध्याकाळभर माझं लक्ष घरात नव्हतं. दीराचे मित्र आले, पिंपातली उरलेली बिअर त्यांनी प्यायली, कमी पडली म्हणून कुरकुर केली. मी दिवाबत्तीच्या वेळेला गच्चीवर जाऊन फोन लावला.

"पोचले का?"

"पोचलो. गाडीत बर्फ वितळला, पँट ओली झाली. लोकाइले वाटलं काय झालं याले." मागे माय हसत होती. "बाटल्या टणक हायेत. केळापूरपासून सारखा हात लावून पाहून राह्यलो होतो. दोनदा वाटलं जरासं झाकण सोडावं."

"सोडलं?"

"नाही सोडलं. तू म्हनलं होतं ना."

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"आता रांजणाच्या बुडाशी ठेवल्या, ओलं पोतं टाकून," बाबा म्हणाले. "गार राहतीन. साहेब म्हनत होते एकदा येतो तुमच्या गावाले. आले का त्याहीले देऊ. आपल्या घरी आल्यावर त्याहीले चांगलं पाह्यजे."

त्यांना शिळी, खारट, चेष्टेसकट पाजली, आणि हे ताजी राखून ठेवताहेत. सासरे लग्नापासून 'एकदा येतो' म्हणताहेत.

"बाबा, बाटली काढा."

"आता?"

"आता. फोन तसाच ठेवा. मायले म्हणा दोन ग्लास घे."

"मायले कायले? थे पेत नाही."

"एक घोट पेईन. काढा."

पोत्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. माय विचारत होती, तोंडाले बांधू का काही. बाबा म्हणाले, नको, पोरीनं सांगतलं नको म्हणून. त्यांचा हात झाकणावर आहे हे मला दिसत होतं, आणि हात लांब केलेला आहे, हेही.

फस्स झालं. लांबलचक, भरघोस, सोड्याच्या दुकानात होतं तसं. माय मागे सरकली असावी, भांडं पडलं.

"बाई," बाबा म्हणाले, "फेस वर येऊन राह्यला. ग्लासातून बाहेर चाललाय वं. मीठ नाही टाकलं काही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "प्या. आणि बाबा, त्याहीले साहेब नका म्हणू. व्याही म्हणा."

पलीकडून घोटाचा आवाज आला. ते पीत होते.